पस्तीस मिनिटांचा फायदा

एकनाथरावांनी आयुष्यात एक गोष्ट कधी चुकू दिली नाही, ती म्हणजे वेळ. सिकंदराबादच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. कुठली गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता आली, कुणाला बाजूला थांबवायचं आणि कुणाला पुढे सोडायचं, हे भल्यामोठ्या कागदावर रेघा ओढून ठरवायचं, हे त्यांचं काम. रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी खिशातली छोटी डायरी काही सुटली नाही. लेकाच्या लग्नाची बस असो की कोठी भागातल्या डॉक्टरकडे नेणारी रिक्षा असो, निघाली कधी, पोचली कधी आणि उशीर किती, हे तीन रकाने भरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कुसुमताई म्हणायच्या, "यम आला तर त्याला बी विचारतील हे, उशीर का झाला म्हणून."

यम आधी कुसुमताईंकडेच आला. गुरुवारी सकाळी त्या चहा ठेवायला उठल्या, ओट्यापाशी खाली बसल्या आणि परत उठल्या नाहीत. एकनाथराव धावत आले, त्यांनी बायकोचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने डोळ्यांवर चष्मा चढवून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सहा दहा. डॉक्टरने नंतर विचारलं तेव्हा त्यांनी ते ताडकन सांगून टाकलं. डॉक्टर जरा बघतच राहिला.

त्यानंतर मात्र त्यांच्या आतली चावी उतरली. माणसं येत होती, सोफ्यावर बसत होती, "लक्ष्मी होती हो" म्हणत होती, चहा पिऊन जात होती. एकनाथराव प्रत्येकाला दारापर्यंत पोचवत होते. डोळ्यांत टिपूस नव्हता. रडू येत नाही याची माणसाला निदान लाज तरी वाटते, त्यांना तीही वाटत नव्हती. जेवणात मीठ कमी आहे की जास्त, बाहेर ऊन आहे की ढग, काही कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी अस्थी आणल्या. तांब्याच्या कलशाला लाल फडकं बांधून तो रिवाजाप्रमाणे घराबाहेर, हिमायतनगरच्या त्या फ्लॅटच्या गॅलरीत टांगला. एकनाथराव रोज त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसत. त्याच्याशी काय बोलावं हेही त्यांना सुचत नव्हतं.

दहावा नांदेडला, गोदावरीच्या घाटावर करायचा होता. त्यांची थोरली बहीण त्रिवेणीबाई तिथंच राहतात. नवव्या दिवशी पोचायचं म्हणून एकनाथरावांच्या मुलाने, युवराजने, मोबाइल काढला. युवराज हायटेक सिटीत नोकरी करतो. त्याची मराठी घरातली, शाळेतली नव्हे.

"बाबा, काचीगुडावरून सकाळची ट्रेन हाय. दोन बर्थ बुक करू क्या?"

"विमानाचं काढ," एकनाथराव म्हणाले.

युवराजचा अंगठा तिथंच थांबला. कारण या घरात विमान हा विषय आठ वर्षं चघळला गेला होता आणि प्रत्येक वेळी थुंकून टाकला गेला होता.

हैदराबादहून नांदेडला विमान सुरू झालं त्या वर्षी कुसुमताईंनी पहिल्यांदा म्हटलं, "अहो, एकदा विमानानं जाऊ की." एकनाथरावांनी कॅलेंडरचं जुनं पान पालथं केलं आणि हिशेब मांडला. आगगाडी: घरून काचीगुडा पंधरा मिनिटं, अर्धा तास आधी पोचायचं, गाडीत चार तास पन्नास, नांदेड स्टेशनहून त्रिवेणीबाईच्या घरी दहा. एकूण पाच पंचेचाळीस. विमान: घरून शमशाबादचा विमानतळ सव्वा तास, दोन तास आधी पोचायचं, विमानात एक तास पाच, सामानाला वीस, तिकडच्या विमानतळाहून घर अर्धा तास. एकूण पाच दहा. "घर ते घर फक्त पस्तीस मिनिटांचा फायदा. त्यासाठी एवढी यातायात? आणि डबासुद्धा धड खाता येत नाही," त्यांनी निकाल दिला. गणितात तसूभर चूक नव्हती. तीच तर पंचाईत होती.

मधे ते विमान बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. कुसुमताईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा पान पालथं झालं, शमशाबादच्या रस्त्यावरची गर्दी धरून आकडे नवे केले, फायदा आणखीनच घटला. "मला लवकर पोचायचंच नाही जी," कुसुमताई एकदा म्हणाल्या. "ते आमच्या गावावरून जातंय म्हणे." एकनाथराव पेपर वाचत होते. ते म्हणाले, "जाऊ दे की." पुढे त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. यंदा संक्रांतीला मात्र ती शेवटचं बोलली, "पालथ्या घड्यावर पाणी," आणि तीळ भाजायला आत गेली.

आता ते म्हणत होते, विमानाचं काढ. युवराजने तिकिटं काढली. वरातीमागून घोडं हे त्यालाही दिसत होतं.

त्रिवेणीबाईंना फोन केला तेव्हा त्यांनी खरी अडचण काढली. एकनाथरावांच्या घराण्यात रीत होती, अस्थी नेणाऱ्याने वाटेतलं प्रत्येक गाव, प्रत्येक नदी मेलेल्या माणसाला हाक मारून सांगायची. "कामारेड्डी आलं, चला. मांजरा आली, चला." जिथं सांगायचं राहिलं तिथं ते माणूस मागे राहतं, अशी समजूत. वडलांच्या अस्थी नेताना एकनाथरावांनी गाडीच्या दारात उभं राहून एकूण एक स्टेशन सांगितलं होतं. अख्खा डबा त्यांच्याकडे बघत होता, तरी ते बधले नव्हते.

"विमानातून काय सांगशील रे तिला?" त्रिवेणीबाई म्हणाल्या. "ढग आला, चला?"

"कुठं काय आलं ते वेळेवरून काढतो मी, बाई."

"काढ बापा. गावं राहू दे, निदान पाणी तरी सांग. तिला मधीच टाकून येऊ नको."

हे वाक्य एकनाथरावांच्या कानात रुतलं. इतक्या दिवसांत रुतलेलं ते पहिलं वाक्य. तिला मधेच टाकून यायचं नाही. बाकी काही हातात नव्हतं, हे एवढं होतं. ते कामाला लागले.

युवराजने मोबाइलवर दोन्ही विमानतळांमधलं अंतर काढून दिलं, सरळ रेषेत दोनशे पंचेचाळीस किलोमीटर. इथवर ठीक. पण वेळेचा काही मेळ बसेना. एक साइट म्हणाली एकोणपन्नास मिनिटं. दुसरी म्हणाली बावन्न. तिकिटावर एक तास पाच. युवराज समजावत होता, "बाबा, ते एव्हरेज असतंय." एकनाथरावांनी नाक मुरडलं. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला तीन-तीन वेळा, हा कुठला कारभार? अशाने दोन गाड्या समोरासमोर आल्या असत्या. शेवटी त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली, शमशाबाद ते नांदेड रेघ ओढली आणि रेघेखाली येणारं मोठं पाणी तेवढं टिपलं. मांजरा, निजामसागर, गोदावरी. जमिनीवरून चाकं उचलल्यापासून किती मिनिटांनी कुठलं पाणी, ते डायरीत लिहिलं. गावांकडे त्यांनी पाहिलंच नाही. गावं राहू दे, असं बाई म्हणालीच होती. आणि छत्तीस वर्षं त्यांच्या डोक्यात नांदेडची वाट म्हणजे निजामाबाद, बासर, धर्माबाद. त्या वाटेवर जे नाही, ते त्यांच्या लेखी आडबाजूचं.

विमानतळावर कलशाचं काही अडलं नाही. मृत्यूचा दाखला आणि स्मशानातली पावती दाखवली, पोलिसाने पिशवी यंत्रातून काढली आणि हात जोडून परत दिली. अडलं ते विमानात. विमान लहान होतं, दोन-दोन खुर्च्यांच्या रांगा. एकनाथराव उजवीकडच्या खिडकीशी बसले, युवराज शेजारी. एकनाथरावांनी कलशाची पिशवी मांडीवर घेतली होती. हवाई सुंदरी आली. तिच्या छातीवरच्या पाटीवर भाग्यलक्ष्मी असं नाव होतं.

"अंकल, टेकऑफ के टाइम गोद में नहीं रखते. सामने के सीट के नीचे रख देव."

"मेरी घरवाली है, अम्मा," एकनाथराव म्हणाले. "पाँव के पास कैसा रखूं?"

त्यांनी हे रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तसं सांगितलं. त्या पोरीने दोन्ही हात पुढे करून पिशवी घेतली. "सर के ऊपर रखती मैं. ऊपर जाते ही वापस देती. हौ ना, अंकल?" तिने वरच्या कप्प्यात आधी घडी केलेलं पांघरूण ठेवलं आणि त्यावर कलश. युवराजने तोंड दुसरीकडे फिरवलं. एकनाथरावांनी मनगटावरचं घड्याळ पुढे ओढलं.

दहा चौतीसला चाकं उचलली. पायलटने सांगितलं, हवेतला वेळ एक्केचाळीस मिनिटं. म्हणजे आता चौथी वेळ. एकनाथरावांनी डायरीतले आकडे भराभरा खोडून नवे केले. गंडीपेटचा तलाव खाली सरकला, तो सांगायच्या यादीत नव्हता, तरी त्यांनी वर कप्प्याकडे बघून सांगून टाकला. बेल्टचा दिवा विझला तशी भाग्यलक्ष्मीने पिशवी आणून दिली. उजव्या खिडकीतून ऊन थेट डायरीवर पडत होतं, आकडे दिसेनात, घड्याळाची काच चमके. त्यांनी खिडकीची झडप खाली ओढली.

दहा सेहेचाळीसला झडप वर केली. खाली एक बारीक, वळत गेलेली रेघ होती. "मांजरा आली, कुसुम. चला." झडप खाली.

दहा चोपन्नला पुन्हा वर. खाली पाणीच पाणी, कडेला चिखलाचा पट्टा. "निजामसागर आला. चला." झडप खाली.

आता अठरा मिनिटं काही नव्हतं. एकनाथरावांनी कलश पोटाशी धरला आणि सेकंदकाट्यावर नजर ठेवली. युवराजने कानात काहीतरी खुपसून डोळे मिटले होते. भाग्यलक्ष्मीने पाणी आणलं, ते त्यांनी नको म्हटलं, कारण दोन्ही हात गुंतले होते. अकरा शून्य चार झाले, अकरा शून्य पाच झाले. मग बेल्टचा दिवा पुन्हा लागला आणि कलश परत वरच्या कप्प्यात गेला. अकरा बाराला त्यांनी झडप उघडली, खाली गोदावरी होती, पुलासकट. त्यांनी मान वर केली आणि सामानाच्या कप्प्याला सांगितलं, "गोदावरी आली. चला, पोचलो." पलीकडच्या रांगेतला माणूस बघायला लागला. बघू दे. तिन्ही पाणी वेळेवर सांगून झालं होतं. अकरा पंधराला चाकं टेकली. एकनाथरावांनी डायरी भरली आणि उशिराच्या रकान्यात शून्य मांडलं. काम चोख झालं होतं. बरं मात्र काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर दहावा झाला. पिंड ठेवले. कावळा लगेच शिवला. त्रिवेणीबाई म्हणाल्या, "बघ, तिची काही इच्छा राहिली नव्हती." एकनाथराव गुडघाभर पाण्यात उतरले, कलश उलटा केला आणि करड्या पाण्यात करडं काही मिसळून गेलं. ते वर आले. अंग पुसलं. काहीच वाटत नव्हतं.

कुसुमताईंचा धाकटा भाऊ अंबाजी घाटाच्या पायरीवर त्यांची वाट बघत होता. बिलोली तालुक्यात बोरखेडी म्हणून गाव आहे, तिथं तो शेती करतो. सकाळीच जीपने आला होता. त्याने एकनाथरावांना हाताला धरून बसवलं, स्वतः एक पायरी खाली बसला.

"दाजी, काल विमान वेळेवर होतं जी तुमचं," तो म्हणाला. "अकरा वाजून चार-पाच मिनिटं झाली असतील. आमच्या मळ्यावरूनच गेलं."

एकनाथरावांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

"आम्ही सगळे उभे होतो खळ्यावर. माझी बायको, पोरं, गडीमाणसं. अक्का गावाला आली की त्या विमानाच्या टायमाला मळ्यात यायची, तुम्हाला म्हाईत असंल. म्हणायची, खालून लई बघितलं अंबाजी, एकदा वरून बघते. मग म्हणायची, पण वरून आपलं वावर कळंल कसं? तिनंच काढलं मग, मी बसले की तुला फोन करते, तू माझं हिरवं लुगडं खळ्यावर पसर. आईच्या वेळचं नऊवारी. पेटीत जपून ठिवलं हुतं तिनं, त्याच्यासाठीच." अंबाजीने गमछाने तोंड पुसलं. "काल युवराजनं कळवलं, विमानानं येतोय म्हणून. म्हटलं, चला, कशी का हुईना, बसली अक्का. पसरलं लुगडं. चार कोपऱ्यांवर दगूड ठिवले. दाजी, दिसलं का?"

त्याच्या तोंडावर पोरासारखी आशा होती. वीस हजार फुटांवरून लुगडं काय, घरंसुद्धा दिसत नाहीत, हे एकनाथरावांना ठाऊक होतं. पण त्यांना दिसत होती ती झडप. स्वतःच्या हाताने खाली ओढलेली, करड्या रंगाची. अकरा शून्य चार. ते घड्याळ बघत होते आणि तिला पोटाशी धरून अंधारात बसवलं होतं. आठ वर्षं ती विमान मागत होती आणि ते मिनिटं मोजत होते. तिला मिनिटं नकोच होती. तिला खिडकी हवी होती.

"दिसलं," एकनाथराव म्हणाले. "हिरवं."

"आणि अक्काला सांगितलं न्हवं, बोरखेडी आलं म्हणून?"

"सांगितलं."

अंबाजीने समाधानाने मान हलवली. छत्तीस वर्षांत एकनाथरावांनी एक मिनिट खोटं लिहिलं नव्हतं, आणि त्या पायरीवर ते पाठोपाठ दोनदा खोटं बोलले. बोलताना त्यांचा आवाज हललासुद्धा नाही. घराण्याची रीत खरी असेल, तर काल त्यांनी नदीत सोडायला जे आणलं त्यात कुसुम नव्हतीच. ती अलीकडेच राहिली होती, एका खळ्यावर, चार दगडांच्या मधे. आणि रीत खोटी असेल, तर ती कुठंच नव्हती. दोन्हींतलं कुठलं बरं, ते त्यांना ठरवता येईना.

परतीचं विमान दुपारचं होतं. येताना उजवीकडे होती ती बाजू आता डावीकडे येणार, म्हणून खिडकीची जागा डावीकडची मिळेल का, असं त्यांनी काउंटरवर विचारलं. युवराजला वाटलं, उन्हासाठी असेल. ते बसले ते झडप वर ढकलून आणि कपाळ काचेला लावून. चाकं उचलली तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. गोदावरी गेली. मग तपकिरी तुकडे, हिरवे तुकडे, रस्त्याचा दोरा, कुठं पाण्याचा ठिपका. सगळं सारखंच. कुठलं बोरखेडी आणि कुठलं दुसरं, देव जाणे. बऱ्याच वेळाने, अंदाजाने, त्यांनी मोकळ्या मांडीवर हात ठेवला आणि हळू म्हटलं, "बोरखेडी आलं, कुसुम."

चला, असं मात्र म्हटलं नाही.

युवराजने कानातलं काढलं. "बाबा, काही म्हणाले क्या?"

एकनाथरावांनी नाही अशी मान हलवली. शमशाबादला उतरेपर्यंत ते तसेच बाहेर बघत होते. गाल ओले झालेले त्यांना बोट लागलं तेव्हा कळलं. मग सवयीने त्यांनी डायरी काढली, बोरखेडी असं लिहिलं, पुढचे दोन रकाने कोरे ठेवले, तिसरा भरला आणि डायरी मांडीवर उघडीच राहू दिली.

युवराज वाकला. त्याला मराठी अक्षरं जुळवायला वेळ लागतो. "उशीर," त्याने वाचलं. "आठ... वर्षं." त्याने वडलांकडे पाहिलं. "आठ मिनिटं लिहायचं होतं ना, बाबा?"

"नाही," एकनाथराव म्हणाले. "बरोबर आहे ते."